शेताची ओल कुठं गेली?

(प्रभागसंघाच्या सभेत समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. गटाच्या बैठकीत वाचून दाखवावं.)



आज सुरुवातीला माझीच एक चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी मी नवीन होते. एका गावच्या बैठकीत मी मोठ्या जोरात सांगितलं, "रासायनिक खतानं जमीन मरते, एकदम बंद करा." एका ताईंनी माझं ऐकलं आणि एका एकरात खत टाकलंच नाही. शेणखतही नव्हतं. सोयाबीन निम्म्यावर आलं. गटाचे दोन हप्ते थकले, घरात बोलणी खावी लागली ती वेगळीच. त्या ताई मला काही बोलल्या नाहीत, पण मला झोप लागली नाही. म्हणून मी पुन्हा शिकायला बसले. जे समजलं ते आज सांगते.

उत्तर आपल्या परभणीतच आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात २००६-०७ पासून एक प्रयोग चालू आहे. आपल्यासारखीच काळी जमीन, खरिपात सोयाबीन, रब्बीत करडई. शेताचे तुकडे पाडलेत. एका तुकड्याला दरवर्षी फक्त नत्र, एकाला नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही, एकाला तिन्हीसोबत शेणखत, एकाला नुसतं शेणखत आणि एकाला काहीच नाही. दरवर्षी त्याच तुकड्याला तेच. असा प्रयोग अकोल्याच्या कृषी विद्यापीठातही ज्वारी-गव्हावर जुना आहे. इंग्लंडमध्ये तर रोथॅमस्टेड नावाच्या ठिकाणी १८४३ पासून गव्हाच्या शेतात हेच बघत आलेत. एका वर्षाचं पीक फसवतं, पाऊस चांगला झाला की सगळंच चांगलं दिसतं. जमिनीचं खरं कळायला अशी वर्षं जावी लागतात.

दिसलं काय? ज्या तुकड्याला काहीच दिलं नाही, तो सगळ्यात मागं पडला. म्हणजे मी सांगितलं होतं ते चुकीचं होतं. नुसतं नत्र देणंही भागलं नाही. तिन्ही खतं मापात दिली तर पीक टिकलं. आणि मापातल्या खतासोबत शेणखत दिलं, तिथं पीकही चांगलं आणि जमीनही मऊ, पाणी मुरवणारी, ओल धरणारी.

असं का होतं? बघा, मी दोन ग्लासात पाणी आणलंय. हे एक ढेकूळ धुऱ्यावरचं, जिथं गवत आहे, नांगर जात नाही. हे दुसरं शेतातलं. दोन्ही वाळलेली. सोडते पाण्यात... बघा, शेतातलं लगेच विरघळलं, गाळ झाला. धुऱ्यावरचं अजून बसून आहे. मातीच्या कणांना मुळं आणि मातीतले बारीक जीव चिकटवून ठेवतात. त्या जिवांचं खाणं म्हणजे शेणखत, पालापाचोळा, मुळ्या. खाणं मिळालं की माती रवाळ होते, मधे पोकळी राहते, त्यात पाणी साठतं. खाणं तुटलं की पहिल्याच जोराच्या पावसात वरचा थर लिंपल्यासारखा होतो. पाणी मुरत नाही, वाहून जातं.

युरिया स्वतः माती जाळत नाही. पण वर्षानुवर्षं नुसता युरिया टाकला तर पीक बाकीची अन्नद्रव्यं जमिनीतूनच ओढतं. ती संपत आली की मुळ्या कमी, पाला कमी, जमिनीला परत जाणारं कमी. त्यात जनावरं घटली, सोयाबीनचं भुसकट पेटवलं, पऱ्हाट्या जाळल्या. जमिनीनं खायचं काय?

आता दुष्काळाचं बोलू. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी होतं? जवळपास एक लाख लिटर. दहा हजार लिटरचे दहा टँकर! ते मुरलं तर आपलं, वाहिलं तर नाल्याचं, आणि सोबत आपली मातीही घेऊन जातं. २०२३ चा ऑगस्ट आठवा. पावसानं केवढा खंड दिला होता! सोयाबीन फुलात होतं आणि जमिनीला भेगा. शेणखतानं दुष्काळ टळत नाही, हे खरंच. पण ओल आणखी काही दिवस टिकली तर शेंग भरायला तेवढाच आधार मिळतो.

मग करायचं काय? तीन गोष्टी सांगते.

पहिली, माती तपासा. पीक निघाल्यावर, खत टाकायच्या आधी, शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्या. कडेची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो द्या. धुऱ्याजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची घेऊ नका. अहवालात सेंद्रिय कर्बाचा आकडा आधी बघा.

दुसरी, पोतं बघून खत घ्या. ५० किलो डीएपीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. पालाश नाही, गंधक नाही. सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी हवेतलं नत्र घेतात, त्यामुळं शेजाऱ्यानं टाकला म्हणून वरून युरिया टाकायची सहसा गरज नसते. तो पैसा पालाश आणि गंधकाला लावा.

तिसरी गोष्ट आपल्याच हातातली. खत कोणतं आणायचं हे घरात बहुतेक पुरुष ठरवतात. पण शेण कोण उचलतं? आपण. गॅस महाग आहे, गोवऱ्या लागतात, हे मला माहीत आहे. गोवऱ्या थापू नका असं मी म्हणणार नाही. पण पावसाळ्यात गोवऱ्या वाळतात का? नाही. ते चार महिन्यांचं शेण तरी जमिनीचं ठेवा. एका मोठ्या जनावराचं दिवसाला साधारण दहा किलो शेण धरलं, तर दोन जनावरांचं चार महिन्यांत चोवीसशे किलो. उष्टा चारा, गोठ्यातला केर, सोयाबीनचं भुसकट मिसळून खड्ड्यात कुजवा, वरून मातीनं लिंपा. अर्ध्या एकराला पुरेल इतकं खत होईल. एकरी दोन टन, म्हणजे चार-पाच बैलगाड्या लागतात. दरवर्षी अर्धा अर्धा एकर बदलत गेलं तर चार वर्षांत दोन एकर होतात. ज्यांच्याकडं जनावर नाही, त्यांनी भुसकट आणि पऱ्हाट्या तरी पेटवू नयेत.

खत मात्र एकदम बंद करू नका. माझी चूक पुन्हा कुणी करू नका.

ज्या ताईंचं नुकसान झालं, त्या आज इथं समोर बसल्यात. त्यांची सगळ्यांसमोर माफी मागते. यंदा त्यांनी धुऱ्याकडच्या अर्ध्या एकरात शेणखत आणि मापात खत दिलंय, बाकीच्यात नेहमीसारखं. पावसाचा खंड पडला की आपण सगळ्या त्यांच्या शेतात जाऊ. दोन्हीकडची मूठभर माती हातात घेऊन दाबून बघू. मग माझ्या बोलण्यावर नाही, हाताला लागलेल्या ओलीवर विश्वास ठेवा.