सेवाव्रती की आचार्या?

पंडिता रमाबाईंचं नाव घेतलं की शारदा सदन, दुष्काळातून आणलेल्या मुली, केडगावचं मुक्ती मिशन हे सगळं आपल्याला आठवतं. ते खरंच आहे. पण ही बाई धर्मशास्त्राची आचार्या होती, असं म्हटलं की आपण जरा चाचरतो. बाईच्या सेवेला हार घालणं सोपं असतं; तिच्या विद्वत्तेपुढे शिष्य होऊन बसणं जड जातं.

मुळात त्यांच्या घरातच शास्त्र बाईच्या तोंडून यायचं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं, त्याबद्दल त्यांना पंडितांपुढे जाब द्यावा लागला. त्याच आईनं पुढे रमाबाईंना पढवलं. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं, तेव्हा त्या विशीत होत्या.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी कल्पना निघाली, तेव्हा बिशपमंडळींनी हरकत घेतली. भर सभेत पुरुषांपुढे शास्त्र सांगत हिंदुस्थानभर फिरलेल्या बाईंना पुरुषांना शिकवू नका असं सांगण्यात आलं! रमाबाईंनी पत्रांतून सडेतोड उत्तरं दिली. त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या सिद्धांतावर प्रश्न विचारले, आणि आपली सदसद्विवेकबुद्धी कुणा धर्मगुरूच्या हवाली करायला साफ नकार दिला. ती पत्रं ए. बी. शहा यांनी संपादित केलेल्या संग्रहात आहेत. मला तरी ते धर्मशास्त्राचंच लेखन वाटतं.

आणि त्यांचं सर्वांत मोठं काम? संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी हवी, हा त्यांचा आग्रह होता. जुन्या धर्मविचारांचा वास येणारे संस्कृत शब्द टाळायचे, हाही होता. आणि संस्कृत मुखोद्गत असलेल्या पंडितेनं तो धरावा, ही गंमतच. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात व्हायची, खिळे जुळवायला तिथल्याच बाया. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल १९२४ साली निघालं.

हे भाषांतर सर्वत्र रुळलं नाही, हे मान्य. काही ठिकाणी ते अडखळतंही. पण जे अडखळतं त्यावरच तर वर्गात चर्चा होते.

आता चर्चमध्ये बाईला पदही मिळतं. २०१३ साली पुष्पा ललिता दक्षिण भारतीय चर्चच्या पहिल्या महिला बिशप झाल्या. आनंदाची गोष्ट आहे. पण पद मिळणं वेगळं आणि अधिकारी म्हणून वाचलं जाणं वेगळं. म्हणून इथं बसलेल्या प्राध्यापकांना आणि धर्मगुरूंना माझी विनंती आहे, रमाबाईंचं चरित्र पुरे झालं. आता त्यांचं भाषांतर अभ्यासक्रमात लावा, मूळ हिब्रूशी ताडून बघा, पटलं नाही तर खोडून काढा.