शुक्रवारचं नवं गाणं



शुक्रवार, १ एप्रिल १९५५. रामनवमी होती. सकाळी पावणेनऊला पुणे आकाशवाणीवरून एक नवं गाणं लागलं, आणि पुढं वर्षाहून थोडा जास्त काळ दर शुक्रवारी त्याच ठोक्याला नवं गाणं येत राहिलं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल सुधीर फडक्यांची. शनिवारी आणि रविवारी सकाळी तेच गाणं पुन्हा लागायचं, म्हणजे ज्याचं चुकलं त्याला आणखी दोन संधी. अशी छप्पन गाणी झाली तेव्हा गीतरामायण पुरं झालं. मूळ कल्पना पुणे केंद्राच्या सीताकांत लाड यांची. पहिल्याच गाण्याचा कागद ऐन वेळी सापडेना आणि माडगूळकरांनी बसल्या बैठकीला गाणं पुन्हा लिहून दिलं, हा किस्सा तर जुनी माणसं अजून रंगवून सांगतात.

हे सगळं आज काढायचं कारण वेगळं आहे. ही गाणी कुठल्या सिनेमातली नव्हती. नाटकातली नव्हती. कुणी नट-नटी ती पडद्यावर म्हणणार नव्हते. तरीही लोक त्यांची वाट बघत, कारण गाणं कधी येणार हे ठाऊक होतं आणि ते कुणाचं आहे हे निवेदक आधी सांगत असे.

साठ वर्षांनी, १० जुलै २०१५ पासून, जगभरच्या संगीत कंपन्यांनी नव्या गाण्यांसाठी एकच वार ठरवला. त्याआधी ब्रिटनमध्ये नवी गाणी सोमवारी बाजारात यायची, अमेरिकेत मंगळवारी. इंटरनेटवर गाणं एका देशात आलं की दुसऱ्या देशात चोरून पोचायचं, म्हणून सगळीकडे एकाच दिवशी यावं असं ठरलं. तो दिवस शुक्रवार. पुण्याचा त्यात काही संबंध नाही, निव्वळ योगायोग आहे. पण मराठी माणसाला तो गोड वाटावा असाच आहे.

तर आज शुक्रवारी येणाऱ्या नव्या गाण्यांत मराठीचं काय चाललंय? सिनेमाच्या बाहेरच्या, मोठ्या कंपनीच्या पैशावर न उभ्या राहिलेल्या गाण्यांना शहरातली मुलं ‘इंडी’ म्हणतात. इंडिपेंडंटचं ते लाडकं रूप. अशा गाण्यांत मराठी इतकी कधी वाजली नव्हती.

जळगाव जिल्ह्यातल्या धानवडचा संजू राठोड हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. २०२४ च्या सुरुवातीला त्याचं ‘गुलाबी साडी’ आलं. शब्द त्याचे, चाल त्याची, गळा त्याचा. संगीत संयोजन त्याचा भाऊ गौरव, म्हणजे जी-स्पार्क, याचं. दोघा भावांनी केलेलं हे गाणं बघता बघता मराठी न कळणाऱ्या देशांतल्या लोकांच्या मोबाईलवर नाचू लागलं. पुढच्या वर्षी ‘शेकी’ आलं, तेही तसंच चाललं. सिनेमाचा आधार न घेता, तांड्या-वस्तीच्या वाटेवरून निघून मराठी पॉप गाणं एवढं लांब जातं, ही गेल्या काही वर्षांतली मराठी संगीताची सर्वांत मोठी बातमी आहे.

२०२४ मध्येच ‘तांबडी चामडी’ आलं. कृणाल घोरपडे ऊर्फ क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं. हाऊस नावाचा नाचाच्या संगीताचा एक पाश्चात्य प्रकार आहे. मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके, आणि प्रत्येक मात्रेवर खालून एकसारखा दणका. क्रेटेक्सनं त्यावर मराठी बसवली, आणि मराठीतली खटक्याची अक्षरं त्या दणक्यावर अशी चपखल बसली की हे आधी कुणाला कसं सुचलं नाही असं वाटावं. स्पिनिन रेकॉर्ड्स या नाचाच्या संगीतात नावाजलेल्या डच कंपनीनं ते गाणं प्रसिद्ध केलं. कुर्ता घालून, कपाळाला टिळा लावून पोरं त्यावर नाचली.

दुसरी एक धार आहे, ती जास्त बोचरी. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप करणाऱ्या मंडळींनी २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ काढलं. त्यात आरेच्या जंगलातल्या केलटीपाड्याचे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. जंगल जातंय, पाडा जातोय, हे गाऱ्हाणं त्यांच्या तोंडून आणि एमसी मवालीच्या मराठी रॅपमधून येतं. स्वदेसीबरोबर गाणारा अमरावतीचा सौरभ अभ्यंकर स्वतःला ‘हंड्रेड आरबीएच’ म्हणवतो. शंभर म्हणजे सौ, पुढं रभ. त्याच्या तोंडी वऱ्हाडाकडची बोली ऐकली की पुस्तकी मराठीचा दाब क्षणात उतरतो. २०२३ मध्ये टीव्हीवरच्या रॅपच्या स्पर्धेत देशभरानं त्याला पाहिलं.

आणि वारीच्या वाटेवरच्या आपल्या मुलखाला जवळची वाटेल अशी मंडळी म्हणजे मुंबईची ‘अभंग रिपोस्ट’. गिटार, ड्रम आणि तालवाद्यांवर संतांचे अभंग. बारामतीजवळच्या काटेवाडीला तुकोबांची पालखी येते, धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्यांचं रिंगण होतं. ते डोळ्यांनी बघितलेल्या माणसाला ड्रमवरचा अभंग परका वाटायचं कारण नाही. रिंगणात मेंढ्यांच्या पळण्याचा जो एक धडधडता ठेका असतो, तो या वाद्यांत पुष्कळदा सापडतो.

ही गाणी गावात कशी पोचतात ते बघायला आता बारामती तालुक्यातल्या वडगाव निंबाळकरकडे येऊ. नीरा-बारामती रस्त्यावरचं गाव, नीरा डाव्या कालव्याचं पाणी, उसाचा पट्टा, शेजारी सोमेश्वर कारखाना. हंगाम सुरू झाला की रात्रंदिवस उसाचे ट्रॅक्टर धावतात. मागं दोन ट्रॉल्या, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर टेप. टेप म्हणायचं, पण आत कॅसेट कधीच गेली. पेनड्राईव्ह असतो नाहीतर मेमरी कार्ड. मोबाईलच्या दुकानात कार्ड दिलं की पोरगा गाणी ‘भरून’ देतो. हजार-दोन हजार गाणी एकदम. म्हणजे नवं गाणं या रस्त्यावर पोचतं, याबद्दल शंका नको. मुंबईत शुक्रवारी आलेलं गाणं रविवारी ट्रॅक्टरवर वाजत असतं.

फक्त ते कुणाचं आहे, हे वाटेत गळून पडतं. त्या कार्डातल्या फाईलींची नावं बघावीत. गाण्याचे पहिले दोन शब्द, पुढं ‘डीजे रिमिक्स’, पुढं कुणा भलत्याच डीजेचं नाव, नाहीतर गाणी उतरवून घेण्याच्या एखाद्या वेबसाईटचं. लिहिणाऱ्याचं नाव नाही. चाल लावणाऱ्याचं नाही. कधीकधी गाणाऱ्याचंही नाही. गाणं गावभर, आणि गाणं करणारा निनावी.

मराठीत पूर्वी बहुधा असं नव्हतं. अभंगाच्या शेवटच्या चरणात संत आपलं नाव घालत. शाहिरांच्या कवनात शाहिराचं नाव असायचं. वामनदादा कर्डकांची भीमगीतं गावोगावच्या गायकांनी गायली, पण शेवटच्या ओळीत वामन आला की ऐकणाऱ्याला कळायचं हे कुणाचं. छापखाना नव्हता तिथंही नाव टिकलं, कारण ते गाण्यातच विणलेलं होतं. आजचे रॅपवाले गाण्याच्या सुरुवातीला स्वतःचं नाव पुकारतात, ते मिरवणं आहे असं पुष्कळांना वाटतं. खरं तर ती आपल्याच घरची रीत आहे, फक्त शेवटावरून सुरुवातीला आलेली.

पुढं रेडिओनं ते काम केलं. गीतकार, संगीतकार, गायक ही तीन नावं घेतल्याशिवाय निवेदक भावगीत लावत नसे. त्यामुळंच आकाशवाणीनं घरोघरी नेलेल्या ‘शुक्रतारा’बरोबर मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे आणि अरुण दाते ही नावं एका दमात आठवतात. कॅसेटच्या काळातही वेष्टनावर नावं छापलेली असत. १९९८ साली मिलिंद इंगळे यांचा ‘गारवा’ हा गाण्यांचा संग्रह आला, तेव्हा कॉलेजातल्या पोरापोरींना सौमित्र हे कवीचं नाव पाठ झालं होतं. सिनेमा नव्हता, तरी कवी माहीत होता.

नाव माहीत असण्याला पैशाचीही बाजू आहे. भारतात २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा वाटा त्यांच्याकडून कुणी कायमचा लिहून घेऊ शकत नाही, असं त्यात आलं. तो वाटा गोळा करून देणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. पण गाण्याबरोबर नावच नोंदलेलं नसेल, तर संस्थेनं पैसे द्यायचे कुणाला? शिवाय गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफाय या ॲपनं २०२४ पासून नियम केला: मागच्या बारा महिन्यांत एक हजार वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाच्या रॉयल्टीतून काहीच मिळणार नाही. जगभर रोज लाखाच्या आसपास नव्या ध्वनिफिती इंटरनेटवर चढतात. त्या ढिगात कुणा खेडेगावच्या पोराचं गाणं एक हजारापर्यंत पोचायचं, तर त्याचं नाव घेऊन कुणीतरी सांगायला हवं की हे ऐका.

ही अडचण एकट्या मराठीची नाही, आणि नवीही नाही. गोव्यात १९८४ साली रेमो फर्नांडिस यांनी शिवोलीच्या आपल्या घरात, चार ट्रॅकच्या छोट्या यंत्रावर ‘गोअन क्रेझी’ हा गाण्यांचा संग्रह ध्वनिमुद्रित केला. वाद्यं स्वतःच वाजवली. कॅसेट तयार झाल्यावर स्कूटरवर टाकून दुकानोदुकानी स्वतःच पोचवल्या. आज धानवडचा किंवा वडगावचा मुलगा लॅपटॉपवर जे करतो, ते रेमोंनी चाळीस वर्षांपूर्वी केलं होतं. त्यांना दुकानदारापर्यंत स्कूटर नेता आली. आजच्या पोराला दुकानच उरलेलं नाही.

इथं गावाकडच्या रेडिओचा उपयोग आहे. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी आहे, कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी आहे. सामुदायिक रेडिओच्या सरकारी धोरणातच म्हटलं आहे की निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावा. हवामान, बाजारभाव, खतांचा सल्ला, हे सगळं हवंच. त्याच्या जोडीला शुक्रवारी पंधरा मिनिटं नव्या मराठी गाण्यांसाठी काढली तर? या आठवड्यात कुणाचं काय आलं, पुढच्या आठवड्यात कुणाचं येणार आहे, कुणी लिहिलं, कुणी वाजवलं. गीतरामायणाच्या गाण्यालाही एका वेळी एवढाच वेळ मिळत होता.

येणाऱ्या गाण्यांचा आपल्याकडचा हंगाम ठरलेला आहे. १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीआधी शिवरायांवरची, १४ एप्रिलच्या आधी बाबासाहेबांवरची, आषाढीआधी विठ्ठलाची, मग गणपती, मग नवरात्र. कंपन्यांनाही हे माहीत आहे आणि खोलीत एकट्यानं गाणं करणाऱ्यालाही. गडबड होते ती वेळेची. गणपतीसाठी केलेलं गाणं पोरं चतुर्थीच्या आदल्या रात्री टाकतात, आणि मग विसर्जन उरकलं तरी ते कुणापर्यंत पोचलेलं नसतं.

गाणं इंटरनेटवर चढवून देणाऱ्या वितरकाकडे ते तीन-चार आठवडे आधी दिलेलं बरं. स्पॉटिफायच्या निवडक याद्यांसाठी अर्ज करायचा, तर गाणं यायच्या निदान सात दिवस आधी करावा लागतो. प्रत्येक ध्वनिफितीला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. एखाद्याच्या सात-बारावर जशी गट नंबरची नोंद असते, तशी ही त्या ध्वनिफितीची नोंद. पुढं ती कुठंही वाजली तरी हिशेब त्या क्रमांकावर जातो. हा क्रमांक वितरक बहुतेक वेळा स्वतःच देतो.

मग वितरकाचा अर्ज येतो. तिथं गायकाच्या नावाखाली आणखी रकाने असतात: गीतकार, संगीतकार, संयोजक, वादक. घाईत तिथं सगळीकडे गायकाचंच नाव टाकलं जातं, नाहीतर रकाना रिकामा राहतो. मित्रानं वहीच्या पाठकोऱ्या पानावर गाणं लिहून दिलेलं असतं, त्याचं नाव तिथंच राहून जातं. अशा गाण्यात हलगी हमखास असते, आणि ती गावातल्याच कुणा हलगीवाल्याकडून मोबाईलवर वाजवून घेतलेली असते. दोन मिनिटं वाजवली, चहा झाला, तो घरी गेला. पुढं तोच तुकडा उचलून उलटसुलट वापरून त्यावर अख्खं गाणं उभं केलेलं असतं. वादकाच्या रकान्यात पूर्ण नाव लिहावं ते त्याचं, आणि नावाशेजारी हलगी असंही लिहावं.