गाळलेले पाणी : एका अभ्यासकाच्या नजरेतून

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे लेखरूप)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीविषयी माझ्या आधीच्या वक्त्यांनी विस्ताराने सांगितले आहे. त्याची पुनरुक्ती मी करणार नाही. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून मी पाण्याविषयी बोलावे अशी आज्ञा झाली आणि ती मी आनंदाने स्वीकारली.

माझ्या आजीच्या घरी आडाचे पाणी घागरीवर दुहेरी गाळणे बसवल्याखेरीज आत येत नसे. पाणी गाळून झाले की ते गाळणे उलटे धरून गाळलेल्याच पाण्याने ती हलकेच खळाळून घेई आणि ती जिवाणी त्याच आडात अलगद सोडी. ज्या पाण्यातले जीव, त्या पाण्यात परत. आम्हा मुलांना शाळेची घाई असे. आजीला कधीच नसे.

पुढे महाविद्यालयात सूक्ष्मदर्शकाखाली सायक्लॉप्स नावाचा जलचर प्रथम पाहिला. मिलिमीटरभर लांबीचा, एका डोळ्याचा. आजीच्या गाळण्यावर अडकत असणार तो हाच! या इवल्याशा जीवाशी आपल्या देशातील एका भयंकर रोगाचा इतिहास जोडलेला आहे. सभागृहातील वडीलधाऱ्यांना ‘नारू’ हा शब्द आठवत असेल. पायातून दोरीसारखा बाहेर येणारा, कधी कधी मीटरभर लांबीचा जंत. रोगी पायविहिरीत उतरला की जखमेतून नारूची पिल्ले पाण्यात पडत, सायक्लॉप्स ती गिळी, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पायातून साधारण वर्षभराने नवा नारू डोके वर काढी. यावर लस नव्हती, जंत मारणारे खात्रीचे औषधही नव्हते. १९८४ साली देशात सुमारे चाळीस हजार रुग्ण नोंदले गेले आणि बाधित सात राज्यांत आपला महाराष्ट्रही होता. मग पायविहिरी बदलल्या गेल्या, हातपंप बसले, पाण्यात औषध टाकले गेले आणि घरोघरी बारीक विणीचे दुहेरी कापड पोहोचवले गेले. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. माणसाच्या अंगावरून एक रोग कापडाने पुसला गेला असे म्हटले तर ती केवळ अर्धी अतिशयोक्ती होईल.

दुसरी कथा पटकीची. पटकीचा जंतू एक ते तीन मायक्रॉन लांबीचा. कोणत्याही लुगड्याच्या विणीतून तो सहज निसटतो. तेव्हा कापडाने पटकी अडणार नाही, असेच आम्ही शिकलो होतो. परंतु अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या डॉ. रिटा कॉलवेल आणि त्यांचे बांगलादेशी सहकारी डॉ. अन्वर हक यांच्या संशोधनातून दिसले, की नदी-तळ्यांत हा जंतू पुष्कळदा एकटा नसतो. सायक्लॉप्ससारख्या प्लवकांच्या अंगावर तो हजारोंच्या संख्येने चिकटून राहतो. म्हणजे जंतू अडत नसला, तरी त्याचे वाहन अडते! जुनी सुती साडी चार पदरी घडी केली, तर तिची छिद्रे सुमारे वीस मायक्रॉनची होतात आणि प्लवकांना चिकटलेले ९९ टक्के जंतू तीत अडकतात, असे प्रयोगशाळेत आढळले. नवी साडी तितकी उपयोगी नाही. धुऊन धुऊन मऊ झालेल्या, तंतू फुललेल्या साडीची वीणच अधिक दाट बसते. गरिबाघरी नेमकी हीच साडी असते.

बांगलादेशातील मतलब भागात ६५ गावांत, सुमारे १ लाख ३३ हजार लोकवस्तीत याची परीक्षा झाली. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : साडीने पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. काही वर्षांनी संशोधक पुन्हा त्या गावांत गेले, तेव्हा शिकवलेल्या स्त्रियांपैकी ३१ टक्केच अजून पाणी गाळत होत्या, आणि त्यांतल्याही सर्वजणी साडी वापरत नव्हत्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. जिथे पाणी गाळणारी घरे अधिक होती, तिथे न गाळणाऱ्या शेजाऱ्यांनाही काहीसे संरक्षण मिळत होते.

आता थोडे अप्रिय बोलतो, क्षमा असावी. ही कथा मी जिथे सांगतो तिथे सभेनंतर कोणीतरी येऊन म्हणतो, “पाहा सर, आपल्या पूर्वजांना जंतू ठाऊक होते, विज्ञान आता आपल्या मागून येत आहे.” मला हे पटत नाही. मतलबच्या स्त्रीने पाणी गाळले ते आपले मूल वाचावे म्हणून. माझ्या आजीने गाळले ते पाण्यातला जीव वाचावा म्हणून. कृती एक, हेतू दोन. आजीच्या अहिंसेला पटकीच्या आकडेवारीचा टेकू लागत नाही. आणि ज्याला तो लागतो, त्याने गाळण्याच्या मर्यादाही ऐकल्या पाहिजेत.

काही वर्षांपूर्वी एका वसतिगृहात काविळीची साथ आली. तेथील व्यवस्थापक मोठे श्रद्धाळू गृहस्थ. नळाच्या तोंडाला बांधलेले कापड दाखवून ते मला म्हणाले, “आमच्याकडे गाळल्याशिवाय पाणी नाही, मग असे कसे झाले?” ते कापड ओलेच असे, रोज धुतले जात नसे आणि बोटाला बुळबुळीत लागत होते. आणि कापड स्वच्छ असते तरी काय? काविळीचा विषाणू जंतूपेक्षाही कितीतरी लहान. त्याच्या दृष्टीने ते कापड म्हणजे उघडा दरवाजा. सांडपाण्याची वाहिनी पिण्याच्या टाकीजवळ फुटली होती. आजारी पडलेल्या मुलांपैकी एकाला मीच तेथे प्रवेश मिळवून दिला होता. त्याच्या वडिलांना काय सांगावे, हे मला त्या दिवशी सुचले नाही.

आपल्या आचारात गाळण्याबरोबर पाणी उकळणेही आहे, आणि गाळलेल्या पाण्याला दोन घटकांची मर्यादाही आहे. गाळणे प्रत्येकाला आठवते. उकळणे व्रतस्थांपुरते उरले आणि मर्यादा तर पुस्तकातच राहिली. पटकी, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू-विषाणू खळखळून उकळल्यावर मरतात. इथे गाळणे पुरत नाही.

शेवटी एक कबुली. आज सकाळी विश्वस्तांच्या अनुमतीने मी येथील पाण्याचे तीन नमुने घेतले : एक भोजनगृहाच्या टाकीतले, एक गाळलेले, एक गाळून उकळलेले. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली सुचवलेली साधी चाचणी आहे. पाण्यात विष्ठेतले जंतू असल्यास बाटली काळी पडते. निकालाला साधारण एक दिवस लागतो. तिन्ही बाटल्या चिठ्ठ्या लावून कार्यालयातील कपाटावर ठेवल्या आहेत. उद्या पूजेनंतर सर्वांनी त्या पाहाव्यात. कोणती काळी झाली असेल, हे मलाही अजून ठाऊक नाही.