किल्ल्यावरची हिरकणी

दिवाळींत मुलें अंगणांत मातीचा किल्ला करितात. त्यावर महाराज, मावळे, तोफा येतात; स्त्री आलीच तर घागर घेतलेली गवळण! रायगडाचा कडा उतरणारी हिरकणी मीं कुंभारवाड्यांत मागितली, तेव्हां उत्तर आलें, "मागणी नाहीं."

अमेरिकेंतील बडे कारखानदारही हेंच म्हणतात. १९७७ च्या 'स्टार वॉर्स' या विज्ञानकल्पित चित्रपटाचीं पहिलीं १२ चित्रें बाजारांत आलीं; त्यांत स्त्री एकटी राजकन्या लेया. २०१५ सालीं त्या मालिकेची नायिकाच रे नांवाची तरुणी झाली. तथापि हॅस्ब्रो कंपनीच्या मोनोपोलींतील चार सोंगट्यांत ती नव्हती. आठ वर्षांच्या एका मुलीनें पत्रानें जाब विचारला, तेव्हां रेची सोंगटी घालूं असें कंपनीनें जाहीर केलें. त्याच वर्षीं दुसऱ्या एका चित्रपटांत ब्लॅक विडो ही वीरांगना मोटारसायकलीसह विमानांतून झेप घेते. खेळण्यांत त्या गाडीवर बसविला कॅप्टन अमेरिका! पराक्रम तिचा, पेटींत पुरुष.

मुलगे स्त्रीचें चित्र घेणार नाहींत, हें व्यापाऱ्यानें परस्पर ठरविलें आहे. माझ्या वर्गांत हिरकणीची गोष्ट चाले, तेव्हां पुढें सरकून बसत ते मुलगेच. अंधारांत तिला कडा दिसला कसा, हा प्रश्न दरवर्षीं त्यांच्यांतूनच येई.