भाकरीचा हिशेब



आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमची शाळा कारखान्याच्या फाटकावर भरली. एकदा वाटाघाटीत एका व्यवस्थापकांनी आम्हांला विचारले, "कामगार घरी बसला तरी जेवतोच ना?" उत्तर तेव्हा सुचले नाही. ते पुस्तकांत शोधले, तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

भाकरीतल्या पिष्टाची आतड्यात साखर होते. ती रक्तावाटे पेशींत पोहोचते आणि श्वासातल्या प्राणवायूशी तिचा संयोग होतो. हे ज्वलनच, पण ज्वाळा नाही, धूर नाही. मोकळी झालेली शक्ती 'एटीपी' नावाच्या द्रव्यात साठते, आणि उरतात कर्बवायू व पाणी. नुसते पडून राहिले तरी हृदय, मेंदू, यकृत चालूच असतात. त्यासाठी प्रौढाला दिवसाला सुमारे दीड हजार कॅलरी लागतात. घण उचलला की खर्च वाढतो. त्यातही जेमतेम चौथा हिस्सा कामी येतो, बाकीची उष्णता होते. म्हणून थंडीतही हमालाला घाम फुटतो.

श्वसन म्हणजे मंद ज्वलन, हे फ्रान्सच्या लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात गिनीपिगच्या अंगच्या उबेने किती बर्फ वितळते ते मोजून दाखविले. पुढे श्रम करणाऱ्या माणसाला प्राणवायू अधिक लागतो, हेही लाव्हाझिएने मोजले. मग त्याने विचारले की, ज्याच्या शरीराची झीज जास्त त्या गरिबाच्या ताटात कमी, आणि रिकाम्या माणसाच्या ताटात जास्त, हे कसे? विचारणारा स्वतः करवसुलीच्या मक्त्यातला धनिक भागीदार होता!

आपल्याकडे १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने डॉ. ॲक्रॉइड यांचे माप घेतले: मध्यम श्रमाच्या प्रौढाला २,७०० कॅलरी, आणि कुटुंबात अशी तीन माणसे धरून किमान वेतन ठरवावे. व्यवस्थापकांच्या प्रश्नाचे उत्तर हेच. घरी बसलेल्याचे दीड हजार आणि राबणाऱ्याचे २,७००, यांतले अंतर कारखान्याच्या कामातही जाते.

ते अंतर ताटात भरून आले नाही तर चूल विझत नाही. ती घराचे वासे जाळू लागते. आधी चरबी जाते, मग स्नायू. मंडळी, वेतन मागणारा कामगार दान मागत नाही. काल जे जळले, त्याची भरपाई मागतो.