टीव्हीवरची माणसं रुंद का दिसतात?

येडशीच्या बचत गटाकडून आम्ही बोलतोय. दर वेळी आपण हप्ता, व्याज, पासबुक यावर बोलतो. आज टीव्हीवर बोलायचं आहे. टीव्हीवर काय बघायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. टीव्हीवर आपली माणसं आहेत तशी दिसतात का, एवढंच बोलायचं आहे.

आमच्या गटात एक आक्का आहेत. गेल्या वर्षी त्यांची आई गेली. आईचा फोटो म्हणाल तर रेशनकार्डावरचा एक, तोही पुसट. पण आक्कांच्या लग्नाची शूटिंग होती. वीसेक वर्षांपूर्वी कॅसेटवर काढलेली, मग फोटो स्टुडिओवाल्यानं तिची डीव्हीडी करून दिलेली. आई चालताना, बोलताना दिसते ती फक्त त्यात. वर्षश्राद्धाला पाहुणे येणार, तेव्हा सगळ्यांना दाखवावी म्हणून आक्कांनी एका दुकानातून ती डीव्हीडी पेनड्राईव्हमध्ये घेतली. घरच्या टीव्हीला पेनड्राईव्ह लावला, आम्हीही चारपाच जणी बसलो होतो.

लग्न लागलं, अक्षता पडल्या. कपड्यांचे रंग ठीक, आवाजही ठीक. पण माणसं सगळी बसकी आणि रुंद. नवरानवरी रामलिंगाच्या दर्शनाला गेले होते, तिथली माकडंसुद्धा पैलवानासारखी दिसत होती. आम्ही हसलो. तेवढ्यात आक्कांची आई पुढं आली आणि आक्का गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "ही माझी माय नव्हं. माय एवढी अंगानं कधीच नव्हती. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं तिनं, अंगावर मांस कुठलं?"

खरंच होतं ते. टीव्हीवर दिसत होती ती खाऊनपिऊन भरलेली बाई. दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "कॅसेट जुनी आहे, असंच दिसणार. दुरुस्तीचे वेगळे पैसे पडतील." आक्का पैसे द्यायला तयारही झाल्या. आम्ही म्हटलं, थांबा, आधी बिघाड कुठं आहे ते बघू.

मैत्रिणींनो, ती कॅसेट खराब नव्हती, डीव्हीडी नव्हती आणि टीव्हीही नव्हता. चित्र फक्त ओढून ताणलेलं होतं. ते कसं, ते सांगतो.

जुना डबा टीव्ही आठवा. त्याचा पडदा चार भाग रुंद आणि तीन भाग उंच असायचा. मुंबई दूरदर्शन 1972 साली सुरू झालं, तेव्हापासून कितीतरी वर्षं आपण त्याच आकारात चित्र बघितलं. त्याआधीचे प्रभातचे सिनेमे, 1937 सालचा 'कुंकू' घ्या, तेही जवळपास त्याच आकाराचे. लग्नाच्या कॅसेटीही तशाच निघाल्या. आता भिंतीवर लावतो तो पातळ टीव्ही सोळा भाग रुंद आणि नऊ भाग उंच आहे. म्हणजे जास्त आडवा. जुनं चित्र त्यात नीट बसवलं तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणारच. आपला 32 इंची टीव्ही साधारण 71 सेंटिमीटर रुंद असतो. त्यात जुनं चित्र 53 सेंटिमीटर जागा घेतं, आणि दोन्हीकडं नऊ नऊ सेंटिमीटर काळं राहतं.

हे काळं आपल्याला खटकतं. टीव्ही बिघडला असं वाटतं. म्हणून कुणीतरी चित्र ओढून पडदाभर करतं, नाहीतर टीव्ही स्वतःच करतो. उंची तेवढीच राहते आणि रुंदी तिसऱ्या हिश्श्यानं वाढते. सहा सेंटिमीटरची गोल बांगडी आठ सेंटिमीटर रुंद होते, पण उंचीला सहाच राहते. चेहऱ्याचंही तेच होतं.

मग डीव्हीडीवर चित्र नीट दिसायचं आणि पेनड्राईव्हवर बिघडलं, असं का? आपल्याकडच्या डीव्हीडीत चित्र 720 बाय 576 ठिपक्यांचं असतं. जुना चौकोनी आकार असो की नवा आडवा, ठिपके तेवढेच. मग प्लेअरला कळतं कसं? डीव्हीडीत त्याची एक खूण असते. मसाल्याच्या डब्यावर आपण चिठ्ठी लावतो ना, तशी. "हे चारास तीन दाखव" किंवा "हे सोळास नऊ दाखव" असं त्यात असतं. पेनड्राईव्हमध्ये घेताना चित्राची नवी फाईल केली जाते, तेव्हा ही चिठ्ठी गळते किंवा चुकीची लागते. डब्यातला माल तोच राहतो, चिठ्ठी तेवढी गेलेली असते.

आता उपाय सांगतो. कागद पेन घ्या.

पहिलं काम, खात्री करा. चित्रात समोरून दिसणारी गोल वस्तू शोधा. बांगडी, घड्याळ, गाडीचं चाक, कपाळावरचं मोठं कुंकू, काहीही. तिथं चित्र थांबवा आणि दोऱ्यानं आडवं आणि उभं माप घ्या. दोन्ही सारखं आलं तर चित्र बरोबर. आडवं जास्त आलं तर चित्र रुंदीला ताणलंय. उभं जास्त आलं तर उलटं झालंय, म्हणजे आडवं चित्र चौकोनात दाबलंय. आणि माप बरोबर येतंय पण माणसांची डोकी वर कापली जातायत, तर झूम लागलेलं आहे.

दुसरं काम रिमोटचं. आधी सिनेमा चालू करा, मग बटण दाबा, कारण बऱ्याच टीव्हीत चित्र चालू असल्याशिवाय ही सोय उघडत नाही. बटणाला कुठं झूम, कुठं अस्पेक्ट, कुठं पिक्चर साईज म्हणतात. बटण नसेल तर सेटिंगमध्ये पिक्चरच्या यादीत बघा. तिथं ओरिजिनल किंवा ऑटो असेल तर आधी ते लावा. त्यानं फरक पडला नाही तर चार तीनवर लावा. आम्ही तेच केलं. ओरिजिनलनं काही झालं नाही, कारण फाईलची चिठ्ठीच गेली होती. चार तीन लावलं आणि दोन्हीकडं काळ्या पट्ट्या आल्या.

आणि मधे आक्कांची आई उभी होती. काटक, गालफडं बसलेली, पदर खोचलेला. आक्का पुढं सरकल्या आणि म्हणाल्या, "आता माय." नंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

पण गोष्ट इथं संपली नाही. संध्याकाळी सासूबाईंनी मालिका लावली, तर मालिकेतल्या सगळ्या बायका लांबुळक्या आणि सुकलेल्या. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही बायांनी टीव्ही बिघडवला." बिघडवला नव्हता. बटण परत सोळा नऊवर आणायचं राहिलं होतं. हे तुम्हीही लक्षात ठेवा, काम झालं की बटण पूर्वीच्या जागी आणा.

दर वेळी हे करायला नको म्हणून तिसरं काम. फाईलच सुधारून घ्या. आधी ती मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर व्हीएलसी नावाच्या फुकट प्लेअरमध्ये लावून बघा. तिथं काही न करता चित्र बरोबर दिसलं, तर फाईल ठीक आहे, टीव्हीच ताणतोय. तिथंही चुकीचं दिसलं, तर फाईलची चिठ्ठी गेलीय. कॉम्प्युटरवर व्हीएलसीत ए हे अक्षर दाबत गेलं की आकार एकेक बदलतो. त्यानं फाईलला धक्का लागत नाही, पण कोणता आकार बरोबर ते कळतं.

मग दुकानात जाऊन नेमकं सांगा, "जुन्या चौकोनी शूटिंगची फाईल 768 बाय 576 करून द्या." शूटिंग नव्या आडव्या आकाराचं असेल तर 1024 बाय 576 सांगा. अशा फाईलला चिठ्ठीची गरजच राहत नाही, कारण ठिपकेच योग्य आकाराचे होतात. हँडब्रेक नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये हे होतं. दुकानदार म्हणेल, पडदाभर करून देतो, काळं काढून टाकतो. नको म्हणा. काळं काढायचं म्हणजे एकतर माणूस ताणायचा, नाहीतर त्याचं डोकं कापायचं. हा आकडा सांगितल्यावर आक्कांना दुरुस्तीचे वेगळे पैसे पडले नाहीत. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" एवढंच दुकानात विचारलं गेलं.

ज्यांच्याकडं अजून डीव्हीडी प्लेअर आहे, त्यांनी प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्हीचा आकार कोणता लावलाय ते बघा. टीव्ही नवा आडवा असेल तर तिथं सोळा नऊ असायला हवं. डबा टीव्हीच्या वेळचं चार तीन तसंच राहिलं असेल, तर आडवं चित्र चुकीचं दिसतं.

शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं. पेनड्राईव्हमध्ये आलं म्हणून मूळ डीव्हीडी टाकून देऊ नका, पोरांना खेळायला देऊ नका, चुलीजवळच्या फडताळात ठेवू नका. डबीत, उन्हापासून लांब, उभी ठेवा. तिच्यात व्हिडिओ टीएस नावाचा फोल्डर असतो. दुकानदाराला तो आख्खा फोल्डर जसाच्या तसा दुसऱ्या पेनड्राईव्हमध्ये घालून द्यायला सांगा. त्यात चिठ्ठीसकट सगळं येतं. उद्या फाईल बिघडली तर त्यातून परत काढता येते. आणि हे आपण आपल्या घरच्या शूटिंगबद्दल बोलतोय. सिनेमांच्या नकला करून विकणं हा गुन्हा आहे, त्यात पडू नका.

मैत्रिणींनो, घराघरात रिमोट पोरांच्या नाहीतर पुरुषांच्या हातात असतो. आपण म्हणतो, आपल्याला काय कळतंय त्यातलं. पण त्या दिवशी चित्र चुकलंय हे टीव्हीला कळलं नाही, दुकानालाही कळलं नाही. ते आक्कांना कळलं, कारण माय कशी होती हे त्यांना माहीत होतं. बटण कुठलं हे शिकता येतं, आपण सगळ्या मिळून शिकलो. माणूस कसं होतं हे मात्र आपल्यालाच ठाऊक असतं.

पुढच्या बैठकीला येताना घरची जुनी डीव्हीडी किंवा पेनड्राईव्ह आणा, आणि एक दोरा. मिळून बघू. तोवर सगळ्यांना येडशीहून राम राम.