रकान्यात नसलेलं नाव

(महाविद्यालयीन क्रीडा संचालक आणि प्रशिक्षकांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवणाऱ्यांचे आभार. आयुष्यभर शिट्टीने बोलणाऱ्या बाईच्या हातात माइक देणं धोक्याचं असतं, हे त्यांनी लक्षात घेतलं असेलच. तीस वर्षं मी महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक होते. मला भाषणाची सवय नाही, ओरडायची आहे. आवाज चढला तर तो रागाचा समजू नका.

आज मी अमेरिकेतल्या महाविद्यालयीन मुलींच्या बास्केटबॉलबद्दल बोलणार आहे. ‘आमच्या सिमेंटच्या कोर्टाला भेगा पडल्यात आणि या बाई अमेरिका सांगतायत,’ असं तिसऱ्या रांगेत कुणीतरी पुटपुटलंच असणार. पुटपुटू द्या. तिथं खेळाडू मुलगी शोधणं, तिला आपल्याकडे आणणं आणि टिकवणं हा पूर्णवेळ धंदा झालाय. त्यामुळे त्या धंद्याची दुखणी तिथं उघड्यावर दिसतात. आपल्याकडे तीच दुखणी झाकलेली आहेत, इतकंच.

एका प्रसंगापासून सुरुवात करते. सप्टेंबर 1990. टेनेसी विद्यापीठाच्या प्रशिक्षक पॅट समिट छोट्या विमानाने पेनसिल्व्हेनियातल्या अलेनटाउनला निघाल्या. मिशेल मार्सिनियाक नावाची शाळकरी पॉइंट गार्ड त्यांना संघात हवी होती. समिटबाईंचे दिवस भरलेले. प्रवासातच पाणी सुटलं, तरी त्या मुलीच्या घरी गेल्या, बैठकीत बसल्या, विद्यापीठाची माहिती सांगू लागल्या. कळा वाढल्यावर कशाबशा विमानात परतल्या. वैमानिक म्हणाला, वाटेत व्हर्जिनियात उतरू. बाईंनी साफ नकार दिला. त्याच वर्षी व्हर्जिनियाने टेनेसीला स्पर्धेबाहेर काढलं होतं, तिथं आपलं मूल जन्माला येऊ द्यायचं नव्हतं! मुलगा टायलर अखेर नॉक्सव्हिलमध्ये, म्हणजे घरीच, जन्मला.

अमेरिकेत ही गोष्ट जिद्दीचा नमुना म्हणून सांगतात. मीही अनेक वर्षं खेळाडूंना तशीच सांगितली. आता सांगताना अडखळते. तोवर दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेल्या बाईलाही एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या घरची भेट आठवडाभर पुढे ढकलावीशी वाटली नाही. आपण नाही गेलो तर दुसरं कुणी जाईल, ही धास्ती त्या नोकरीच्या हाडात असते. गंमत अशी की मार्सिनियाक तेव्हा टेनेसीला आलीच नाही. ती नोत्र दामला गेली, तिथं एक वर्ष काढलं आणि मग टेनेसीत आली. 1996 मध्ये टेनेसीने विजेतेपद मिळवलं तेव्हा अंतिम टप्प्यातली सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली.

समिटबाईंची सुरुवात आपल्यापैकी अनेकांना ओळखीची वाटेल. 1974 मध्ये बाविसाव्या वर्षी त्या टेनेसीच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. पगार महिना 250 डॉलर. संघाची गाडी स्वतः चालवायच्या, मुलींचे कपडे स्वतः धुवायच्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वसतिगृहाच्या मागची मोरी आठवली. बारा बिब एका बादलीत भिजवायचे, आणि लाल आकड्यांचा रंग पांढऱ्या कापडाला लागू नये म्हणून त्यात मीठ टाकायचं. तरी सात नंबरचा बिब गुलाबी झालाच. ज्या मुलीला तो मिळायचा ती सामनाभर रुसलेली असायची.

समिटबाई प्रशिक्षक झाल्या त्याच्या दोन वर्षं आधी, 23 जून 1972 रोजी, अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही, असं त्यात म्हटलेलं. खेळाचा शब्दही नव्हता, पण सर्वांत मोठा धक्का खेळालाच बसला. त्या काळी महाविद्यालयीन मुलींचे खेळ बायकांनीच उभारलेली एक संघटना पाहायची. सुरुवातीला तिचा खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायलाच विरोध होता. मुलांच्या खेळात बोली लागते तशी मुलींची लागू नये, ही भूमिका. 1973 मध्ये दावा गुदरला गेला आणि ती बंदी उठवावी लागली. 1982 मध्ये एनसीएए या पुरुषप्रधान बड्या संस्थेने मुलींची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली आणि बायकांची ती संघटना मोडली.

इथं एक विचित्र गोष्ट झाली, आणि या सभागृहातल्या प्रत्येक महिला प्रशिक्षकाने ती लक्षात ठेवावी. 1972 मध्ये तिथल्या मुलींच्या महाविद्यालयीन संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांना बाई प्रशिक्षक होत्या. कायदा आला, अनुदान आलं, पगार वाढले, आणि पुढे सगळे खेळ मिळून हे प्रमाण निम्म्याच्याही खाली गेलं. बिनपैशाचं काम होतं तोवर ते बाईचं होतं. त्याला पगार लागल्यावर ते ‘खुलं’ झालं. कायदा वाईट होता असं मी म्हणत नाही. त्याच्यामुळे लाखो मुली मैदानात आल्या. पण दार उघडल्यावर आत कोण शिरलं, हेही मोजायला हवं.

आता एक डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट. माझी भाची शिकागोजवळ राहते. तिची मुलगी एका क्लबकडून खेळते. एका जुलै महिन्यात मी तिच्याबरोबर अशाच एका स्पर्धेला गेले. गोदामाएवढा हॉल, शेजारीशेजारी आखलेली कोर्टं, एकाच वेळी कितीतरी शिट्ट्या. प्रत्येक कोर्टाच्या बेसलाइनमागे घडीच्या खुर्च्यांची रांग आणि त्यावर आपापल्या विद्यापीठाचं नाव छातीवर मिरवणारे प्रशिक्षक. हातात खेळाडूंच्या नावांचं बाड, आणि तेही विकत घेतलेलं. सगळे गप्प. त्या दिवसांत त्यांना फक्त पाहण्याची मुभा असते, मुलींशी किंवा पालकांशी बोलायचं नाही असा नियम. त्यामुळे आईबाप दुरून हसतात, प्रशिक्षक मान हलवतात. मुली मात्र खेळता खेळता पाहून घेतात की कुठला टी-शर्ट आपल्या कोर्टावर बसलाय आणि कुठला उठून गेला.

माझ्यापुढे बसलेल्या एका बाई चेंडू पाहतच नव्हत्या. मी त्यांच्या नजरेमागे नजर लावली. एका उंच मुलीला नुकतंच बाहेर काढलं होतं. तिने टॉवेल डोक्यावर घेतला, बाकाच्या टोकाला बसली, मग उठली आणि आत जाणाऱ्या मुलीला काहीतरी सांगून आली. बाईंनी कागदावर एक खूण केली. तिकडे कनेक्टिकट विद्यापीठाचे प्रशिक्षक जीनो ऑरिएमाही 2016 मध्ये पत्रकारांसमोर हेच बोलले होते: बाकावर तोंड पाडून बसणारी मुलगी कितीही चांगली खेळो, मी तिला खेळवणार नाही. सगळ्यात जास्त सामने जिंकलेला प्रशिक्षक असं म्हणतो तेव्हा ऐकायला हवं. त्यांना हे परवडतं, ही माझी पुस्ती.

कारण बाकीच्यांना परवडेनासं झालंय. पूर्वी तिथं विद्यापीठ बदललं की साधारण एक वर्ष नुसतं बाकावर बसावं लागे. 2018 मध्ये ‘ट्रान्स्फर पोर्टल’ आलं. मुलीने आपलं नाव त्यात टाकलं की कुठल्याही विद्यापीठाने तिच्याशी बोलावं. 2021 मध्ये पहिल्या बदलीसाठी बसण्याची अट गेली. त्याच वर्षी 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे कमवायची परवानगी मिळाली. आणि जून 2025 मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीमुळे विद्यापीठं थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत. त्यातला मोठा घास अर्थातच अमेरिकन फुटबॉलचा.

याचा अर्थ मैदानावर काय होतो, ते पाहा. हेली व्हॅन लिथ ही गार्ड लुईव्हिलकडून खेळली, मग लुइझियाना स्टेटकडून, मग टेक्सास ख्रिश्चनकडून. तिन्ही संघांबरोबर ती राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठांत पोहोचली. तिच्या बाजूने पाहिलं तर हे कर्तृत्व आहे. प्रशिक्षकाच्या बाजूने पाहिलं तर दर वसंतात आपलाच संघ पुन्हा जिंकून आणायचा. स्पर्धा चालू असतानाच पोर्टल उघडल्याची वर्षंही होऊन गेली. उद्याच्या सामन्याचा आराखडा आखायचा, की कोण निघून चाललीय आणि तिच्या जागी कुणाला फोन करायचा ते पाहायचं? आणि जागा भरायची तर शाळेतून येणाऱ्या कच्च्या मुलीपेक्षा एकवीस वर्षांची, दोन हंगाम खेळलेली मुलगी बरी, असा हिशेब होतो. भाचीच्या मुलीसारख्या शेकडो मुलींचा दरवाजा त्या हिशेबाने अरुंद झाला.

तरीही ‘आजच्या मुलींना निष्ठा नाही’ हा सूर मी लावणार नाही. प्रशिक्षक करार मोडून जास्त पगारावर दुसरीकडे जायचे आणि ज्यांना त्यांनी घरी जाऊन वचन दिलेलं त्या मुली मागे राहायच्या. त्यांनी पाठोपाठ जायचं म्हटलं तर वर्षभर बाकावर. तेव्हा निष्ठेची आठवण कुणाला झाली नव्हती. मुलींना जाण्याचा हक्क मिळाला, ते योग्यच झालं.

आणि पैसा आला तो काही आकाशातून नाही पडला. 2024 चा मुलींचा अंतिम सामना अमेरिकेत सरासरी 1 कोटी 89 लाख लोकांनी पाहिला, मुलांचा 1 कोटी 48 लाखांनी. असं पहिल्यांदाच घडलं. आयोवा विद्यापीठाची केटलिन क्लार्क त्यात हरली, साउथ कॅरोलायना जिंकली. क्लार्क मूळचीही आयोवा राज्यातलीच, आणि ते राज्य मुलींच्या बास्केटबॉलचं जुनं वेड असलेलं. तिथं शाळांत 1993 पर्यंत सहा-सहा मुलींचा खेळ चालायचा, तीन फक्त बास्केट करणार, तीन फक्त अडवणार, मधली रेघ ओलांडायची नाही. आयोवा विद्यापीठाच्या आजच्या मुख्य प्रशिक्षक जॅन जेन्सन त्या खेळात शेवटच्या शालेय वर्षी सामन्यामागे सरासरी 66 गुण करत. (आमच्या दोन्ही संघांचे मिळून कधी कधी तेवढे होत नसत.) मुख्य प्रशिक्षक होण्याआधी त्यांनी त्याच विद्यापीठात दोन तपं साहाय्यक म्हणून काढली. असे टिकून राहणारे साहाय्यक आता दुर्मीळ. आणि हेही ऐका: मुलांच्या स्पर्धेत सामना जिंकला की तो संघ ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतो त्या गटाला पैसे मिळण्याची पद्धत 1991 पासून होती. मुलींच्या स्पर्धेला ती 2025 मध्ये लागू झाली.

या सगळ्यात सर्वांत जास्त कोण गमावतं? माझ्या मते लहान महाविद्यालयाचा प्रशिक्षक. त्याने कुणाच्याही यादीत नसलेली मुलगी हेरली, तिचा डावा हात बसवला, दोन वर्षं तिला पडू दिलं, उठवलं. तिसऱ्या वर्षी तिला चौदा रिबाउंड मिळू लागले की मोठ्या विद्यापीठाचा फोन. करंडक तिकडे आणि छायाचित्रही तिकडेच.

इथं माझ्यासाठी अमेरिका उरत नाही, आपलंच घर दिसतं. आपल्याकडे पोर्टल नाही, पण वाट तीच. तालुक्याच्या शाळेतून शहराच्या महाविद्यालयात, तिथून नशीब असेल तर रेल्वेत. बेंगळुरूची संजना रमेश आणि पंजाबची हरसिमरन कौर यांच्यासारख्या मोजक्या मुली अमेरिकन विद्यापीठांपर्यंत पोहोचल्या. पुण्याच्या शिरीन लिमयेने देशाचं कर्णधारपद सांभाळलं. पण बहुतेक मुलींचा शोध आपण जुलैत सूचना फलकावर चाचणीचा कागद लावून घेतो आणि येतील त्यांतून बारा निवडतो.

मी एकदा मात्र एका मुलीच्या घरी गेले होते. एसटीने तीन तास, पुढे चालत. मुलगी अकरावीत, पाच फूट दहा इंच. वडील खाटेवर बसून ऐकत होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘हाफ पँट घालावी लागंल का?’ आईने दारातूनच विचारलं, ‘मुक्कामाला गेल्यावर सोबत बाई कोण?’ मी म्हटलं, मी. त्यावर तिने चहा टाकला. मला वाटलं, जिंकले. निघताना त्या शाळेचे सर एसटी थांब्यापर्यंत सोडायला आले. चार वर्षं पहाटे साडेपाचला त्यांनीच तिला खेळवलं होतं, एका रिंगवर, जाळीशिवाय. ते एवढंच म्हणाले, ‘मॅडम, तिचा डावा हात अजून कच्चा आहे. बघा जरा.’

पुढे त्या मुलीला माझ्याकडूनही एका मोठ्या संस्थेने नेलं, चांगल्या वसतिगृहाचं आश्वासन देऊन. मी महिनाभर चिडलेली होते. मग लक्षात आलं की मी त्या सरांना यातलं काहीच कळवलं नव्हतं. ती विद्यापीठाच्या संघात निवडली गेली त्या दिवशी नाही, आणि पश्चिम विभागाच्या स्पर्धेला निघाली त्या दिवशीही नाही. संघाच्या छापील यादीत तिच्या नावापुढे रकाने होते: वर्ग, उंची, महाविद्यालय, संघ व्यवस्थापक. सरांच्या नावाला रकानाच नव्हता.

ठराव वगैरे संध्याकाळी होतील. माझी एकच मागणी आहे, आणि तिला अनुदान लागत नाही. येत्या हंगामात आपल्या विद्यापीठाच्या संघाची यादी टाइप कराल तेव्हा एक रकाना वाढवा: ‘पहिले प्रशिक्षक’. नाव मुलीलाच विचारा, ती लगेच सांगेल. आणि यादीची एक प्रत त्या माणसाच्या पत्त्यावर पाठवा.